वय २६, नाडी ११८, बीपी १५२/९६: ‘टेन्शन आहे’ म्हणण्याआधी

रक्तदान शिबिरात, नोकरीच्या मेडिकलला किंवा पोलीस भरतीच्या तपासणीत असा आकडा चिठ्ठीवर लिहून हातात येतो. पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. सोबतचा मित्र म्हणतो, “कायले टेन्शन घेते बे, उन्हातून आला ना तू, म्हणून वाढलं असन,” आणि चिठ्ठी पँटच्या खिशात धुऊन निघते. नाही तर त्याच संध्याकाळी बीपीची गोळी सुरू होते आणि बीपी मुळात का वाढलं होतं हा प्रश्न कायमचा गोळीखाली झाकला जातो.

मित्राचं उन्हाचं कारण तपासून बघू. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला आणि अंगातलं पाणी कमी झालं की नाडी वाढते, हे खरं. पण बीपी मात्र सहसा उतरतं. रक्त कमी असेल तरीही तसंच: नाडी जलद, बीपी साधारण किंवा कमी. म्हणजे ऊन किंवा अशक्तपणा यांनी ११८ ची नाडी समजते, १५२/९६ समजत नाही. नाडी आणि बीपी दोन्ही एकदम वर असतील तर शरीराची ‘पळा किंवा लढा’वाली यंत्रणा चालू आहे, असा पहिला अर्थ. ती भीतीने चालू होते, तंबाखूने होते, दुखण्याने, जागरणाने, दारू उतरताना होते. आणि थोड्या लोकांत ती थायरॉइड, किडनी किंवा किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीमुळे चालू राहते. आकडा दोन्हीकडे तोच दिसतो. फरक पडतो तो आकड्याच्या वागणुकीत: केव्हा येतो, किती वेळ टिकतो, झोपेत उतरतो का, दोन्ही हातांत सारखा आहे का. ही वागणूक टिपण्याचं काम दवाखान्यात होत नाही, घरीच करावं लागतं.

आधी मोजणी धड करा

तरुणांच्या ‘हाय बीपी’च्या चिठ्ठ्यांमध्ये बऱ्याचदा मोजणीच चुकलेली असते. मैदानावर १६०० मीटर धावून आलेल्या पोराच्या दंडाला अर्ध्या तासाच्या आत पट्टा बांधला तर येणारा आकडा त्या धावण्याचा असतो.

पट्ट्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते आणि ती कुणाला दिसत नाही. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. हे माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. जिममध्ये जाणाऱ्याचा किंवा जाड माणसाचा दंड ३६-३८ सेंटिमीटर सहज भरतो. त्याला मोठा पट्टा लागतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं. अतिमोठा पट्टा लागणाऱ्या दंडाला नेहमीचा बांधला तर वरचं बीपी २० च्या आसपास फुगू शकतं. म्हणजे १३२ चं बीपी १५२ होऊन चिठ्ठीवर उतरतं.

मग बसणं. खुर्चीला पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. बाही वर सरकवून दंडाला घट्ट आवळत असेल तर शर्ट काढा. पट्टा उघड्या त्वचेवर हवा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत. हात मांडीवर लोंबत ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला तर ७-८ अंकांची वाढ नुसत्या तेवढ्यानेच होते. आधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल खाली ठेवा, कारण गप्प बसून रील बघणं म्हणजे शांत बसणं नव्हे. मोजताना बोलायचं नाही, “किती आलं?” हेसुद्धा नाही.

आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा, सिगारेट, व्यायाम, खर्रा काही नको. खर्ऱ्याचं मुद्दाम सांगावं लागतं. विदर्भाबाहेरच्या डॉक्टरला हा शब्द कळायला वेळ लागतो आणि इथल्या पोराला तो व्यसनात मोजावासा वाटत नाही. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं, आणि सुपारीतला अरेकोलिन स्वतः नाडी वाढवू शकतो. गालात खर्रा धरून मोजलेल्या बीपीवर निदान करायचं नसतं. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला “नाही” असं उत्तर देणारा तरुण “खर्रा?” विचारल्यावर “दिवसाचे चार-पाच” म्हणू शकतो, म्हणून प्रश्न नाव घेऊनच विचारायचा.

आता सात दिवसांची वही. सकाळी उठल्यावर तासाभरात, चहाच्या आधी. आणि रात्री जेवणाच्या आधी. प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, सोबत नाडी. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या, कारण मशीनची धास्ती पहिल्या दिवशी जास्त असते. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे, त्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी खरोखर वाढलेलं आहे. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० धरतात. अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ पासून ती १३०/८० वर आणली आहे. दवाखान्यात १५० आणि घरी १२२ येत असेल तर तो दवाखान्याचा धसका. त्याला गोळी लागत नाही, पण वर्षातून एकदा वही पुन्हा काढायची, कारण यातल्या काहींचं बीपी पुढे खरंच वाढतं. उंच, सडपातळ मुलांमध्ये नुसतं वरचं १४५ आणि खालचं ७२ असंही दिसतं. त्यात घाईने गोळी देण्यात अर्थ नसतो, आधी घरची किंवा २४ तासांची मोजणी.

२४ तासांचं मशीन म्हणजे दंडाला पट्टा, कमरेला डबी, दिवसा साधारण दर २०-३० मिनिटांनी आपोआप मोजणी. पूर्ण दिवसाची सरासरी १३०/८० च्या खाली हवी आणि रात्री झोपेतलं १२०/७० च्या खाली. झोपेत बीपी उतरतच नसेल तर घोरणं, किडनी किंवा ग्रंथीचा विचार पुढे येतो.

पहिल्या भेटीत एकदा दोन्ही दंड मोजा. १०-१५ पर्यंतचा फरक चालतो. वरच्या बीपीत २० किंवा जास्त फरक प्रत्येक वेळी येत असेल तर तो योगायोग समजू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

नाडी कशी वाढते, ते ऐका

मशीनच्या पडद्यावरची नाडी ठोके नियमित असतील तरच भरवशाची. एकदा बोटांनी मोजून बघा: अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं, ३० सेकंद मोजून दुप्पट, ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण ६० सेकंद. बसल्या बसल्या ६० ते १०० हे साधारण. व्यायाम नसलेल्या, जागरण करणाऱ्या मुलाची ९२ असणं हा आजार नाही. आठवडाभर रोज, निवांत बसून १०० च्या वर असेल तर कारण शोधायचं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: धडधड कशी सुरू होते? जिना चढल्यासारखी हळूहळू वाढून हळूहळू उतरते, की बटण दाबल्यासारखी? दुसऱ्या प्रकारात माणूस नेमकं सांगतो: “वाकून बुटाची लेस बांधत होतो, एकदम सुरू झालं, वीस मिनिटांनी एकदम थांबलं.” नाडी १५० ते २२० च्या दरम्यान, घड्याळासारखी नियमित, मोजताही येत नाही, नुसती फडफड. त्यानंतर भरपूर लघवी होते. ही हृदयाच्या विजेच्या तारांमधली जादाची वाट असू शकते, म्हणजे एसव्हीटी. घबराटीच्या झटक्यातही धडधड होते, पण तिथे नाडी सहसा १००-१३० च्या आसपास असते आणि पायरीपायरीने उतरते. तरुण मुलींची एसव्हीटी वर्षानुवर्षं ‘घाबरते’ या शेऱ्याखाली राहून जाते. हा शेरा ईसीजी न काढता मारला असेल तर तो मोजायचा नाही.

झटका चालू असतानाचा एक ईसीजी हा नंतरच्या दहा ईसीजींपेक्षा मोलाचा. म्हणून झटका आला की घराजवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे तिथे सरळ जायचं, दुसऱ्याच्या गाडीवर. स्वतः बाईक चालवायची नाही. झटका नसतानाच्या ईसीजीतही एक खूण सापडू शकते: पीआर अंतर १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि पुढच्या लाटेची सुरुवात उतरत्या छपरासारखी. ती डेल्टा लाट. ती दिसली तर लक्षणं नसली तरी हृदयतज्ज्ञाकडे जायचं. रोज झटके येत असतील तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी टिपणारी डबी, पुरतो. महिन्यातून एकदा येत असतील तर २४ तासांत काही सापडत नाही आणि ‘होल्टर नॉर्मल’ असा कागद घेऊन माणूस चुकीच्या समाधानात घरी जातो. तिथे आठवड्या-दोन आठवड्यांचा चिकटवायचा पॅच किंवा ईसीजी काढणारं घड्याळ कामी येतं. साध्या स्मार्ट घड्याळाचा हिरवा दिवा झटक्यात चुकतो, कधी निम्मीच नाडी दाखवतो.

साधं घड्याळ एका गोष्टीत मात्र फार उपयोगी आहे: झोपेतली नाडी. काळजीने वाढलेली नाडी झोपेत ६०-७० वर येते. पहाटे चार वाजताही ९५ असेल तर ते टेन्शन नाही. तिथून थायरॉइड, ताप, रक्तक्षय, औषधं यांच्याकडे वळायचं.

उभं राहिल्यावरच धडधड होते, चक्कर येते, आडवं झालं की थांबते, असं असेल तर घरी दहा मिनिटांची चाचणी करा. पाच मिनिटं आडवे पडून नाडी आणि बीपी लिहा. मग उभे राहा, भिंतीला न टेकता. १, ३, ५ आणि १० मिनिटांनी मोजा. बीपी न पडता नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली (१९ वर्षांपर्यंतच्यांत ४०), तर पॉट्स नावाच्या तक्रारीचा विचार होतो. सोबत कुणीतरी हवं, पडायला होऊ शकतं. कडक उन्हाच्या दिवशी किंवा जुलाबानंतर ही चाचणी करू नका, निकाल खोटा येईल.

तोंडात काय जातं

रक्त काढण्याआधी ही यादी पूर्ण व्हायला हवी. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटर डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. जिमच्या प्री-वर्कआउट पावडरच्या एका चमच्यात १५० ते ३०० किंवा जास्त. प्रौढ माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं धरतात. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसणारा मुलगा दोन डबे, चार चहा आणि खर्रा मिळून कुठे पोहोचतो ते त्यालाच माहीत नसतं.

सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते शिरा आवळतं. नाक मोकळं करणारे थेंब महिनोनमहिने घालणारेही आहेत. दम्याचा साल्बुटामॉल पंप नाडी वाढवतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि किडनीही दुखावते. गर्भनिरोधक गोळ्यांनी काही मुलींचं बीपी वाढतं. सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत एकदा मोजायला हवं, सहसा कुणी मोजत नाही. वजन वाढवायच्या बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं, वजन उतरवायच्या गोळीत थायरॉइडचं औषध. गांजाने नाडी उसळते. शनिवारच्या बैठकीनंतर सोमवारी सकाळी मोजलेलं बीपी हे दारू उतरतानाचं बीपी असतं. आणि घशासाठी रोज जेष्ठमधाचा काढा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: जेष्ठमध जास्त दिवस घेतलं की पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं, हुबेहूब ग्रंथीच्या आजारासारखं. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून हा काढा यादीतून सुटतो.

यातलं जे आपलं आपण सुरू केलंय ते थांबवून दोन आठवड्यांनी वही पुन्हा काढा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

पहिल्या फेरीच्या तपासण्या

वहीची सरासरी खरोखर वर आली आणि वय चाळिशीच्या आत असेल तर कारण शोधण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा. सगळ्या वयाच्या रुग्णांत बीपीमागे वेगळा आजार सापडण्याचं प्रमाण ५ ते १० टक्के सांगतात. वय जितकं कमी आणि बीपी जितकं जास्त, तितकं ते वाढतं. तरी पहिली फेरी साधी आहे. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्रॅम, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि ईसीजी. ‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या ८०-९० चाचण्यांपैकी बहुतेकींचा या प्रश्नाशी संबंध नसतो, आणि गंमत म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी त्यात बरेचदा नसते. ती वेगळी सांगून घ्या.

लघवी, कारण तरुणांच्या बीपीमागे वेगळा आजार असलाच तर किडनी हे फार नेहमीचं कारण आहे. फेस येणारी लघवी, सकाळी डोळ्यांभोवती सूज, घसा दुखल्यावर कोलाच्या रंगाची लघवी हे इशारे. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. पाळीच्या दिवसांत नको, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको, नाही तर प्रथिनं आणि रक्त उगाच दिसतात. क्रिएटिन पावडर घेणाऱ्या, भरपूर स्नायू असलेल्या मुलाचं क्रिएटिनिन किडनी ठीक असूनही थोडं जास्त येतं. पावडरीचं आधी सांगितलं तर एक घबराट टळते.

विदर्भात आणखी एक गोष्ट बघायची: सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. पूर्ण आजार असलेल्यांचं बीपी मुळात इतरांपेक्षा कमी असतं. म्हणून अशा रुग्णात १३०/८५ हा आकडा ‘जवळजवळ नॉर्मल’ म्हणून सोडता येत नाही, किडनी तपासावी लागते.

पोटॅशियमचा आकडा रक्त घेण्याच्या पद्धतीवर फार हलतो. दंडाला पट्टी आवळून “मूठ उघड-मीट करा” म्हटलं की पोटॅशियम खोटं वाढतं. मूठ सैल ठेवा. रक्तपेशी फुटल्या तरी वाढतं. उलट, घरून घेतलेला नमुना उन्हाळ्यात गाडीच्या डब्यात काही तास तापत राहिला तर पेशी पोटॅशियम आत ओढतात आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. मे महिन्यातला पोटॅशियम लॅबमध्ये जाऊनच द्या. तो ३.५ च्या खाली आला, आणि जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणारी गोळी नसेल, तर अ‍ॅड्रिनलच्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकडे बोट जातं. पण पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून अल्डोस्टेरॉनचा आजार नाही, असं म्हणता येत नाही. बहुतेकांचं नॉर्मलच असतं.

थायरॉइड जास्त काम करत असेल तर वरचं बीपी वाढतं, खालचं उतरतं, नाडी झोपेतही जलद, भूक असून वजन घटतं, पसरलेली बोटं थरथरतात. उकाडा सहन न होणं हेही पुस्तकातलं लक्षण, पण ते मे महिन्यात नागपुरात धरलं तर अख्ख्या शहराचं टीएसएच करावं लागेल. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या किमान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते.

ईसीजीवर ‘डावा कप्पा जाड’ असा मशीनचा शेरा सडपातळ तरुणात बरेचदा चुकीचा असतो, छातीची भिंत पातळ असल्याने लाटा उंच दिसतात. शंका इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, मिटते. डोळ्यांचा पडदाही एकदा बघून घ्यावा, बीपी किती जुनं आहे याचा अंदाज तिथे येतो.

दुसरी फेरी कुणाला

सगळ्यांना नाही. बीपी १६०/१०० च्या पुढे टिकून असेल, तीन औषधांनाही जुमानत नसेल, पहिल्या फेरीत काही सापडलं असेल, किंवा पुढच्यापैकी काही जुळत असेल तर.

पायाचं बीपी. झोपवून मोजलं की पायाचं वरचं बीपी हातापेक्षा १०-२० ने जास्त असतं. ते हातापेक्षा कमी असेल, जांघेतली नाडी मंद किंवा मनगटाच्या नाडीपेक्षा उशिरा लागत असेल, तर महाधमनी जन्मतःच एका जागी आवळलेली असू शकते. हे शोधायला लागतात दोन बोटं आणि एक मिनिट, तरी विशी गाठेपर्यंत ते राहून गेलेले लोक असतात.

दोन हातांतला फरक. तरुण मुलीची एका मनगटाची नाडी मंद, केस विंचरताना किंवा कपडे पिळताना तोच हात भरून येतो, बारीक ताप, वजन घटलंय, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) वाढलेला: महाधमनीच्या भिंतीची सूज, ताकायासू. भारतात तरुण स्त्रियांच्या बीपीमागचं हे ओळखीचं कारण आहे. यात आवळलेल्या हाताचं बीपी खोटं कमी दिसतं. म्हणजे डावा हात ११० सांगतो, उजवा १७० असतो, आणि मोजणारा नेमका डावाच धरतो. तिला किडनीच्या धमन्यांचा डॉपलर आणि सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते.

घोरणं, दिवसा पेंग, सकाळी डोकं जड: झोपेची तपासणी. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, खुर्चीतून हात न टेकता उठता न येणं, धक्का न लागता काळेनिळे डाग: कॉर्टिसॉल या संप्रेरकाची तपासणी.

आणि फिओक्रोमोसायटोमा, इंटरनेटवर सगळ्यांना सापडणारा आजार. अ‍ॅड्रिनलची गाठ, बीपीच्या हजार रुग्णांत जेमतेम दोन ते सहा जणांत. डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड ही तिन्ही एकत्र, झटक्याने, काही मिनिटं ते तासभर, चेहरा बहुधा पांढरा पडलेला. वाकताना, लघवी करताना किंवा भूल दिल्यावर झटका येणं. असं असेल तर तपासणी हवीच. गाठ शोधायला सीटीपासून सुरुवात करायची नाही, आधी रक्तातले मेटानेफ्रिन (गाठीतून येणाऱ्या संप्रेरकांचे अवशेष) किंवा २४ तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन. व्हीएमए ही जुनी चाचणी बऱ्याच गाठी चुकवते. रक्ताचा नमुना २०-३० मिनिटं आडवं पडून घ्यायचा. बसून घेतलेला आकडा उगाच वाढलेला येतो. नैराश्याच्या काही गोळ्या, सर्दीच्या गोळ्या यांनीही वाढतो. किंचित वाढ बहुधा खोटी असते, मर्यादेच्या तीन-चार पट वाढ क्वचितच खोटी असते. २४ तासांच्या लघवीत पहिल्या सकाळची लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. याच्या उलट करणारे खूप.

झटक्यांच्या रुग्णाला नाडी शांत करायची म्हणून प्रोप्रानोलॉलसारखी गोळी आधी दिली आणि आत ही गाठ असली, तर बीपी भयंकर चढू शकतं. तिथे आधी अल्फा गटाचं औषध लागतं. प्रोप्रानोलॉल थायरॉइडची धडधडही झाकतं, दमा असेल तर दम लावतं, आणि चालू असताना एकदम सोडलं तर नाडी उसळते. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अल्डोस्टेरॉनची तपासणी साधारण चार ते सहा आठवडे बिघडते. म्हणून डॉक्टरांना आदराने एवढं विचारायचं: “गोळी सुरू करण्याआधी घ्यायचं एखादं रक्त आहे का?” बीपी १८० असेल तर मात्र तपासणीसाठी गोळी थांबवत बसायचं नाही.

बाळंतपणाच्या वयातल्या मुलीची पाळी चुकली असेल तर पहिली तपासणी दिवस गेलेत का याची. दिवस गेलेले असताना २० आठवड्यांनंतर १४०/९० ही वाट बघण्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि किडनीच्या बीपीला नेहमी देतात ती रामिप्रिल, टेल्मिसार्टनच्या गटाची औषधं गर्भाला घातक आहेत, तेव्हा मूल हवं असेल तर तसं आधीच सांगायचं.

थांबायचं कधी नाही

१८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं, गोंधळ, हातापायातली ताकद जाणं किंवा फिट येणं: १०८. धडधडीत शुद्ध हरपली, व्यायाम करताना चक्कर येऊन पडला, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे: त्याच दिवशी. नुसतं १८० आलं आणि त्रास काहीच नाही, तर दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि तेवढंच राहिलं तर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकायचा जुना उपाय करू नका. बीपी इतक्या झटक्यात पडतं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

सुरुवात एमडी फिजिशियनकडे, थेट नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हृदयतज्ज्ञाकडे नाही. कारण बऱ्याच वेळा उत्तर हृदयात नसतं. सरकारीत जायचं तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांची मेडिसिन ओपीडी. हृदय किंवा किडनीकडे बोट गेलं तर तिथून मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीला पाठवतात. मिहानमधलं एम्सही आहे. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात, तेव्हा जाताना वही न्या: २४ आकडे आणि सरासरी, दोन्ही हातांचं बीपी, झोपेतली नाडी, झटक्यांची तारीख-वेळ, खर्रा किती, कॅफिन किती, सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आणि पहिल्या पानावर दंडाचा घेर आणि वापरलेल्या पट्ट्याचं माप लिहा, बाकीचे आकडे त्यावरूनच वाचायचे असतात.